गोष्ट एक नंबर पण खेळताना डोक्याला ताप: टॉर्मेंट, ब्लडलाइन्स, पहिला विचर की नीर?

"स्टोरी भारी आहे रे, पण गेमप्ले जरा सहन करावा लागेल." आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन त्याची गोष्ट जगायचे गेम, खेळणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. मग नवीन माणूस बिचारा गेम घेतो, पाच-सहा तास दातओठ खात खेळतो आणि अनइन्स्टॉल करून टाकतो. कारण सहन करायचं म्हणजे नक्की काय, कधी, किती वेळ आणि त्यातून काही पळवाट आहे का, हे कुणी सांगतच नाही, सगळे फक्त गोष्टीचं कौतुक करून मोकळे होतात. म्हणून इथे उलटं करू. असे चार गेम घेतलेत ज्यांच्या गोष्टीबद्दल फारसं दुमत नाही, आणि तुलना करायचीय ती त्यांच्यातल्या वैतागाची.

गेम कुठले, तर प्लेनस्केप टॉर्मेंट (१९९९), व्हॅम्पायर द मास्करेड ब्लडलाइन्स (२००४), पहिला विचर (२००७) आणि नीर रेप्लिकंट, जो मुळात २०१० चा आणि २०२१ मध्ये नव्याने करून आणला. सुरुवातीच्या भागातलं थोडंफार सांगावं लागेल, त्याला इलाज नाही, पण शेवट फोडत नाही.

घाई असेल तर माझं मत आधीच सांगतो. टॉर्मेंटमधला वैताग बऱ्यापैकी टाळता येतो. ब्लडलाइन्समधला शेवटी साठून एकदम अंगावर येतो. विचरमधला सुरुवातीलाच भेटतो आणि मग हळूहळू सवयीचा होतो. आणि नीरमधला परत परत येतो, तोही मुद्दाम. आता तुमचा पेशन्स कुठे संपतो हे तुमचं तुम्हाला माहीत, त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे.

टॉर्मेंटपासून सुरू करू, या सगळ्या प्रकाराचा आजोबा तोच. ब्लॅक आयल स्टुडिओचा गेम, इंजिन (ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा राहतो ते) बायोवेअरचं इन्फिनिटी, म्हणजे ज्यावर बाल्डर्स गेट चालायचा तेच, आणि नियम डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीचे. तुम्ही शवागारात एका थंड पाटावर जागे होता, नाव-गाव काही आठवत नाही, पाठीवर कुणीतरी सूचना गोंदून ठेवल्यात आणि त्या वाचून दाखवायला एक हवेत तरंगणारी तोंडाळ कवटी शेजारी हजर आहे. बाहेर सिगिल नावाचं शहर, जिथे कुठलाही दरवाजा, कमान, खिडकी कुठल्या तरी दुसऱ्या जगात उघडू शकते, फक्त त्याची किल्ली तुमच्याकडे हवी, आणि किल्ली म्हणजे एखादी वस्तू असेल, एखादी कृती असेल, काहीही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही मरत नाही. पडलात तर परत उठता, एक-दोन अपवाद सोडले तर. त्यामुळे इथे जग वाचवायचं वगैरे नाहीये, आपण मरत का नाही आणि आधीच्या जन्मांत, म्हणजे त्याला जन्मच म्हणायचं, आपण काय काय उपद्व्याप करून ठेवलेत एवढंच शोधायचं, आणि जे सापडतं ते काही फार अभिमानाचं नसतं.

आता वैताग. याच्या लढाया कठीण नाहीत, वाईट आहेत. शत्रूवर क्लिक करायचं, मग दोघं एकमेकांना धोपटत उभे राहतात ते बघत बसायचं, मध्येच पॉज करून औषध द्यायचं, परत बघत बसायचं. तुमच्यासकट सहा जणांची टोळी होते आणि अरुंद गल्लीत ती एकमेकांची वाट अडवते, एखादा उलटीकडून लांबचा रस्ता धरतो आणि नको त्या टोळक्यात जाऊन पडतो. मोठे स्पेल, म्हणजे जादूचे मंत्र, टाकले की पूर्ण अ‍ॅनिमेशन चालतं, पहिल्यांदा बघून वा वाटतं आणि नंतर नंतर जांभई येते. सुरुवातीच्या हाइव्ह नावाच्या वस्तीत गुंड कायम मागे लागतात, त्यांना मारून फार काही मिळत नाही. हत्यारं-चिलखतं गोळा करायचा नाद असणाऱ्यांची तर निराशाच आहे, तुमचा हिरो चिलखत घालतच नाही.

पण पळवाट आहे आणि ती गेमनेच ठेवलीय. सुरुवातीला कॅरेक्टर बनवताना वाटायला २१ पॉइंट मिळतात, ते ताकदीत घालायचा मोह होतो कारण तुम्ही फायटर म्हणूनच सुरू होता, तर तो मोह आवरा. विझडम भरपूर, मग इंटेलिजन्स, उरलंसुरलं करिश्म्यात. विझडम जास्त असली की जुन्या आठवणी वर येतात, एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे पॉइंट) पण वाढीव मिळतो, आणि संवादात असे पर्याय उघडतात की समोरचा हत्यार काढायच्या आधीच विषय मिटतो. मग रॅगपिकर्स स्क्वेअरमधल्या मेबेथ नावाच्या म्हातारीकडून जादू शिकून घ्या, फायटरचा जादूगार झालात की पुढचं बरंच सोपं जातं. असं खेळलं तर ज्या लढाया खरोखर टाळताच येत नाहीत त्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात.

एक प्रसंग सांगतो म्हणजे हा गेम नक्की कशासाठी खेळायचा ते कळेल. तुमच्याबरोबर डाकॉन नावाचा गिथझेराई जमातीतला एक म्हातारा योद्धा येतो, मोजकंच बोलणारा. त्याच्याकडे दगडाची एक गोल चकती आहे, एकात एक बसवलेल्या कड्यांची, त्याच्या लोकांचा धर्मग्रंथच म्हणा. ती कडी फिरवून तुम्ही एक पातळी उघडता, त्यात एक छोटी कथा असते, ती वाचायची, आणि मग डाकॉन विचारतो, काय समजलं? बरोबर समजलं असेल तर पुढची पातळी आणि एक स्पेल. असं करत करत एक वेळ अशी येते की त्याला स्वतःला जे उलगडलं नव्हतं ते तुम्ही त्याला समजावून सांगता, आणि तेव्हा ध्यानात येतं की हा माणूस इतकी वर्षं कसला भार घेऊन तुमच्या मागे फिरतोय. एक तलवार उपसलेली नाही, एक थेंब रक्त नाही, नुसती दोन माणसं आणि एक चकती. बॉस फाइट (मोठ्या शत्रूशी निर्णायक लढत) म्हणावी अशी या गेममधली जागा मला विचाराल तर हीच.

फसवणूक नको म्हणून हेही सांगतो. सिगिल सोडल्यावर, म्हणजे कर्स्ट नावाच्या गावाच्या पुढे, गेमचा श्वास तोकडा पडतो, बोलणं कमी आणि मारामाऱ्या जास्त होतात, घाईघाईत उरकल्यासारखं वाटतं. शेवट मात्र परत जबरदस्त आहे आणि तिथे तुमची विझडम कामाला येते. मधला तो पट्टा पळत पार करा. हो, अक्षरशः पळत, शत्रूंना वळसा घालून दाराकडे सुटायचं, कुणी बक्षीस देत नाहीये थांबून लढायचं.

आणि वाचायची तयारी हवी. साधारण ८ लाख शब्दांचा मजकूर आहे असं म्हणतात, आवाज दिलेत ते ठरावीक जागी, बाकी सगळं डोळ्यांनी वाचायचं, त्यात सिगिलमधले लोक त्यांची स्वतःचीच बोली मारतात जी पहिले काही तास डोक्यावरून जाते. ज्यांना संवाद दिसला की पटापट क्लिक करून पुढे जायची सवय आहे त्यांच्यासाठी या गेममध्ये उरतंच काय, तर त्या रद्दी लढाया. अशांनी याच्या वाटेला जाऊच नये, प्रामाणिकपणे सांगतोय.

घ्यायचाच असेल तर २०१७ ची एन्हान्स्ड एडिशन घ्या, मोठ्या स्क्रीनवर नीट दिसते, झूम आहे, आणि मोबाइलवरपण आहे. मोबाइलवर हा गेम मला उलट जास्त बरा वाटतो, रात्री झोपायच्या आधी तासभर पुस्तक वाचल्यासारखा.

ब्लडलाइन्सचं प्रकरण अगदी वेगळं. ट्रॉइका गेम्सने केलेला, पहिल्या फॉलआउटवर काम केलेल्या मंडळींची कंपनी. गेम वापरतो हाफ-लाइफ २ चं सोर्स इंजिन, आणि बाजारात आला नोव्हेंबर २००४ मध्ये नेमका हाफ-लाइफ २ च्याच दिवशी. म्हणजे जगभर सगळे ज्या गेमसाठी वेडे झालेत त्याच्या शेजारी उभं राहायचं, तेही बग्सनी भरलेला अर्धाकच्चा माल घेऊन. व्हायचं तेच झालं, विक्री झाली नाही, २००५ मध्ये कंपनी बंद. गेम मात्र मेला नाही, चाहत्यांनी अनधिकृत पॅच, म्हणजे चुका दुरुस्त करणारी फाइल, काढला आणि तो इतकी वर्षं सुधारत ठेवला, आज जो ब्लडलाइन्स लोक खेळतात तो त्या पॅचमुळेच धडपणे खेळता येतो.

गोष्ट लॉस एंजलिसमधली. तुम्ही नवे व्हॅम्पायर, तुम्हाला चावणाऱ्याला परवानगीशिवाय हे केलं म्हणून तुमच्या डोळ्यांदेखत शिक्षा होते आणि तुम्हाला शहराच्या प्रिन्सची हमाली करायला सांता मोनिकाला पाठवतात. मग डाउनटाउन, हॉलिवूड, चायनाटाउन. सगळ्यांना एक जुनी शवपेटी हवीय आणि तुम्हाला कोण कुठे वापरून घेतंय हे कळेपर्यंत गळ्यापर्यंत अडकलेले असता. पण याची खरी मजा मुख्य कथेपेक्षा माणसांत आहे, म्हणजे व्हॅम्पायरांत. प्रत्येक जण बोलताना तुमच्याकडे बघतो, भुवया उडवतो, ओठ मुडपतो, आणि २००४ च्या मानाने ते चेहरे इतके जिवंत आहेत की आजचे कित्येक गेम त्यांच्यापुढे पुतळे वाटतात. असायलम नावाच्या क्लबच्या मालकिणी थेरेस आणि जीनेट, त्यांच्या भांडणात तुम्ही ज्या तऱ्हेने ओढले जाता ते तर मी अजिबात सांगणार नाही.

ओशन हाउस हॉटेलबद्दल मात्र सांगायलाच पाहिजे. थेरेस तुम्हाला एका पडीक हॉटेलात पाठवते, तिथल्या भुताची एखादी वस्तू घेऊन या म्हणते. तुम्ही व्हॅम्पायर, तुम्हाला कसली भीती? आत जाता, आणि एकही शत्रू नाही. मारायला कुणी नाहीच. जिना चढायला लागलात की तो मोडून तुम्ही खाली तळघरात, दिवे फुटतात, फुलदाण्या आपोआप उडून अंगावर येतात, आणि तुकड्या-तुकड्यांत एका कुटुंबाचं काय झालं ते कळत जातं. लढाई काढून टाकली की हा गेम काय करू शकतो त्याचा पुरावाच आहे तो. आणि मग प्रश्न पडतो की अरे बाबांनो, हे जमत होतं तर पुढे ती गटारं कशाला?

कारण इथे लढाई टाळता येत नाही, आणि हाच टॉर्मेंटशी मोठा फरक आहे. सुरुवातीला वाटतं टळेल. एक्सपी मिळतो तो कामं पूर्ण केल्याचा, मुडदे पाडल्याचा नाही, म्हणजे गोडीगुलाबीने, लाडीगोडीने, दमदाटीने, कुलूप उघडून, कॉम्प्युटर हॅक करून कसंही काम केलं तरी चालतं, आणि हॅकिंगपण मस्त आहे, स्क्रीनसमोर बसून खरोखर कमांड टाइप करायच्या. त्यामुळे बोलका, चोरपावलांचा कॅरेक्टर घेऊन माणूस निम्मा गेम आरामात काढतो. मग हॉलिवूडच्या खालची गटारं येतात. लांबच लांब, एकसारखी, मांसाच्या गोळ्यांसारखे विचित्र प्राणी अंगावर येत राहतात, मध्ये दुकान नाही, गोळ्या संपत जातात, आणि तुमच्या पर्सुएशनचा तिथे शून्य उपयोग, कारण समोरच्याला तोंड असलं तरी ते बोलायचं नसतं. ते पार केलं की जरा बरं वाटतं आणि मग शेवटचे काही तास परत तेच, इमारतभर शत्रू आणि एकामागून एक बॉस. त्यात बंदुकीचं गणित असं की स्किल कमी असेल तर नेम धरूनही गोळी भलतीकडेच जाते, व्हॅम्पायरांवर तर पिस्तूल म्हणजे गुदगुल्या.

म्हणून हा गेम घेणाऱ्याला सांगणं एकच, बोलण्यात पॉइंट घाला पण सुरुवातीपासून थोडे थोडे हाणामारीच्या स्किलमध्येपण टाकत राहा, बंदुकीपेक्षा तलवार-बॅट बरी. कुळ निवडताना पहिल्या वेळेला ब्रूहा घेतलात तर मारामाऱ्या सोप्या जातात, टोरिडोर घेतलात तर बोलणं आणि लढणं दोन्ही साधतं. नोस्फेराटू नको, इतके कुरूप असतात की माणसांनी नुसतं बघितलं तरी व्हॅम्पायर असल्याचं लपवून ठेवायचा नियम मोडला जातो, म्हणजे साध्या रस्त्यावरूनही फिरायची सोय नाही, गटारातूनच ये-जा. आणि माल्केव्हियन, म्हणजे वेड्यांचं कुळ, ते दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवा. त्यांचे सगळे संवाद वेगळे लिहिलेत, ते रस्त्यावरच्या स्टॉपच्या पाटीशी भांडतात, टीव्हीवरचा बातम्या देणारा त्यांच्याशी बोलतो, आणि त्यांच्या बरळण्यात पुढच्या कथेचे इशारे दडलेले असतात जे गोष्ट माहीत असलेल्यालाच कळतात.

दुसरा भाग २०२५ मध्ये आला, पण त्याचा इथे संबंध नाही, वेगळ्याच स्टुडिओने केलेला वेगळाच गेम आहे, पहिला खेळायचा म्हणून आधी तो खेळायची काही गरज नाही.

आता पहिला विचर. तिसऱ्या विचरवरून याकडे येणाऱ्यांची संख्या सगळ्यात जास्त आणि सोडून देणाऱ्यांचीही. सीडी प्रोजेक्ट रेडचा पहिलावहिला गेम, बायोवेअरच्या ऑरोरा इंजिनवर केलेला, २००८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि आता सगळीकडे तीच मिळते. तलवारबाजी म्हणजे ताल धरून क्लिक करणं. कर्सर पेटलेल्या तलवारीसारखा दिसला की त्याच क्षणी क्लिक करायचं, मग पुढचा वार, मग पुढचा. घाईत टाकटाक क्लिक केलं तर कॉम्बो तुटतो. तीन पद्धती, जोराची, चपळाईची आणि घोळक्यासाठीची, वर माणसांना पोलादी तलवार आणि राक्षसांना चांदीची. एकदा हात बसला की हे त्रासदायक राहत नाही, पण फार रंगतही नाही. खरा त्रास पायपिटीचा. पहिल्या चॅप्टरमधलं ते गावकुसाबाहेरचं कंटाळवाणं शिवार आणि दुसऱ्यात विझिमा शहर ते दलदल, दलदल ते शहर, होडीने जा, होडीने या, परत विसरलेल्या एका वस्तूसाठी जा, आणि प्रत्येक दाराला लोडिंग. गावातली माणसं तर तीच चार-पाच तोंडं, एकच म्हातारी तीन घरांत.

पण निर्णयांच्या बाबतीत या गेमने जे केलं ते पुढच्या कित्येक गेमना जमलं नाही. पहिल्या चॅप्टरमध्ये रात्री नदीकाठी मालाच्या पेट्या राखायचं काम मिळतं. पाण्यातले राक्षस निस्तरले की काही बंडखोर येतात आणि म्हणतात हा माल आम्हाला द्या. दिला तर दिला, नाही तर भांडण. तुम्ही काहीतरी ठरवता, विसरून जाता. कित्येक तासांनी दुसऱ्या चॅप्टरमध्ये शहरात ज्या माणसाशी बोलायचं होतं तो मेलेला सापडतो आणि तेव्हा गेम तुम्हाला ती रात्र दाखवून सांगतो की हे तुमच्यामुळे. आता जुना सेव्ह काढून परत करू म्हणावं तर इतके तास वाया कोण घालवणार? म्हणून निस्तरत पुढे जावं लागतं. हाच डाव आहे याचा.

चौथा चॅप्टर, तळ्याकाठचं ते शांत गाव आणि तिथलं लग्न, तिथे पोचलात की आधीची पायपीट वसूल. पण तिथे पोचायला दुसरा चॅप्टर पार करायला लागतो आणि लोक बहुतेक तिथेच गळतात. एक गोष्ट आजच्या नजरेला खटकणारच, बायकांशी जवळीक झाली की त्यांच्या चित्राचा पत्ता कलेक्शनमध्ये जमा होतो. तेव्हाही ते पोरकटच होतं, आता तर बघताना अवघडल्यासारखं होतं. २०२२ मध्ये याचा रीमेक जाहीर झालाय, अनरिअल इंजिन ५ वर. त्यामुळे विचरबद्दल "थांबू का" हा प्रश्न रास्त आहे, बाकी तिघांबद्दल नाही. तिसरा खेळून झालेला असेल आणि गेराल्टची, म्हणजे विचरच्या हिरोची, ओढ नसेल तर खुशाल थांबा.

नीर रेप्लिकंटबद्दल थोडक्यातच, कारण जास्त बोललो की गोष्ट फुटते. योको तारोचा गेम, आजारी बहिणीला वाचवायला निघालेला एक भाऊ, त्याच्याबरोबर एक गर्विष्ठ बोलकं पुस्तक, एक शिवराळ बाई आणि एक मुलगा. २०२१ च्या आवृत्तीत लढाई खूप सुधारलीय, त्यामुळे हातातला खेळ या चौघांत सगळ्यात बरा याचाच. मग वैताग कुठे? साइड क्वेस्ट (मुख्य कथेबाहेरची कामं) म्हणजे मटण आण, लाकडं आण, या गावची चिठ्ठी त्या गावात दे, आणि त्या गावाला परत त्याच माळरानावरून पळत. त्या सरळ सोडा, सगळ्या नाही पण बहुतेक. दुसरं म्हणजे पहिला शेवट हा शेवट नाही, गेमचा उत्तरार्ध परत खेळायचा, तेच डन्जन, तेच बॉस, पण आता जे ऐकू येतं ते आधी ऐकू येत नव्हतं आणि त्यामुळे तुमच्याच हातून झालेल्या गोष्टींकडे बघवत नाही. तिथवर ठीक. त्याच्या पुढच्या शेवटांसाठी मात्र सगळी हत्यारं गोळा करायला लागतात आणि तोच भाग आणखी फिरवायचा, तिथे माझाही धीर सुटायला आला होता. संगीत इतकं सुंदर आहे म्हणून माणूस पळत राहतो, नाही तर अवघड होतं.

आता चौघांना शेजारी उभं करून बघू. वाचन किती, तर टॉर्मेंट सगळ्यात जास्त, बाकीचे तिघं बोलतात त्यामुळे ऐकून भागतं. वेळ किती, तर ब्लडलाइन्स सगळ्यात आटोपशीर, साधारण २५ तासांत होतो, टॉर्मेंट आणि विचर ४० च्या आसपास, वाचायच्या वेगावर आहे, नीर पण सगळे शेवट बघायचे तर तेवढाच. तांत्रिक कटकट ब्लडलाइन्सची सगळ्यात जास्त, पॅचशिवाय हात लावू नका. नीर आणि टॉर्मेंट कन्सोलवरही मिळतात, ब्लडलाइन्स आणि विचरला पीसीच हवा. जुनाट लॅपटॉप असेल तर टॉर्मेंट डोळे मिटून चालेल, नीरला जरा बरं मशीन लागेल.

गोष्टीचा प्रकारही बघा. टॉर्मेंट आतल्या दिशेने जातो, माणसाचा स्वभाव कशाने बदलतो हा प्रश्न गेम तुम्हाला सरळ विचारतो आणि उत्तर म्हणून तुमचा सगळा खेळच बघतो. ब्लडलाइन्स म्हणजे गप्पा, राजकारण, काळा विनोद आणि वातावरण, शहरातल्या रात्री. विचर म्हणजे कुठलीच बाजू धड नसलेल्या भांडणात आपली बाजू ठरवणं. नीर सरळ काळीज पिळतो, त्याला तुमच्या निवडीशी फार देणंघेणं नाही, संवादात पर्याय जवळपास नसल्यातच जमा, तुम्हाला जिथे न्यायचं तिथे तो नेतोच. "माझ्या निर्णयाने गोष्ट बदलायला हवी" असं वाटणाऱ्याला नीर पचणार नाही. आणि "मला फक्त एक चांगली गोष्ट सांग, मला काही ठरवायला लावू नकोस" म्हणणाऱ्याला विचर छळेल.

मला विचाराल तर एकच घ्यायचा आणि वाचायची आवड आहे, तर टॉर्मेंट, बिनदिक्कत. कारण त्यातला वैताग तुमच्या हातात आहे, पॉइंट कुठे घालायचे एवढ्यावर निम्मा जातो. वाचायचा कंटाळा पण माणसांत रमणारे असाल तर ब्लडलाइन्स, फक्त शेवटच्या पट्ट्याची तयारी ठेवून. पहिल्या दोन तासांत पकड घेतली नाही तर गेम सोडणाऱ्यांनी विचरला हात लावू नये, त्याची पहिली पकडच मुळात दहा-बारा तासांनी बसते. हाताला खेळ चांगला लागलाच पाहिजे, ही अट असेल तर नीर. आणि लढाई हा प्रकारच नको, मुळातच नको, असं असेल तर या चौघांना राहू द्या, २०१९ चा डिस्को एलिझियम खेळा, टॉर्मेंटचाच वारसा सांगणारा गेम आहे आणि त्याने लढाई हा भागच काढून टाकलाय, सगळं संवाद आणि फाशांवर.

राहिला एक नेहमीचा प्रश्न, की खेळायचं कशाला, यूट्यूबवर स्टोरी बघून टाकतो. विचरचं चालेल थोडंफार, पायपीट वाचेल, पण ते पेट्यांचं वगैरे काही लागणार नाही कारण निर्णय तुमचा नसेल. ब्लडलाइन्सचं असं करा, गटारांपर्यंत स्वतः खेळा, पुढे अगदीच जीव नकोसा झाला तर चीट कोड टाकून पार व्हा, कमांड टाइप करायची खिडकी उघडते त्यात, कुणी पोलीस येत नाही, आणि शेवटचे संवाद मात्र स्वतः निवडा. टॉर्मेंटचा व्हिडिओ म्हणजे दुसऱ्याला वाचताना बघणं, त्याला काय अर्थ. नीरचा दुसरा फेरा व्हिडिओत बघितला तर माहिती सगळी मिळेल, पण तलवार दुसऱ्याच्या हातात असेल आणि मग तुम्हाला वाईट कशाचं वाटणार?